ओआरएसच्या पाकिटात सोडियम किती? मोल वापरून कण मोजण्याची रीत

मोलच्या गणितात मुलं भागाकारापाशी अडत नाहीत. वजन दिलेलं असतं, मोलर वस्तुमान काढतात, भागतात, अॅव्होगॅड्रो अंकाने गुणतात, उत्तर येतं आणि तरीही चुकतं. प्रश्न ऑक्सिजनच्या अणूंचा असतो आणि यांनी रेणू मोजलेले असतात. सोलापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवताना हे मी वर्षानुवर्षं बघतेय. माझ्या वर्गात पूर्व भागातली आणि विडी घरकुलातली मुलं बरीच असतात. घरात तेलुगू, दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. हिशेबाला ती अजिबात कच्ची नसतात. यंत्रमागाची मजुरी, विड्यांची हजारी यांचा हिशेब घरात तोंडी चाललेला असतो. पण मोल आला की म्हणतात, "मॅडम, सूत्र पाठ हाय ओ, पण सुरू कुठनं करायचं तेच कळंना."

सुरू इथून करायचं. कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीत लिहायचं: मला कशाचे कण मोजायचेत? अणू, रेणू, आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट), की नुसती जोडी? कोणत्या पदार्थाचे? हे लिहून होईपर्यंत आकड्याला हात लावायचा नाही. ही एक ओळ माझ्या वर्गात सक्तीची आहे. ती नसेल तर उत्तर बरोबर आलं तरी मी पूर्ण गुण देत नाही, कारण ते उत्तर कशाचं आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

आता, कण मोजायचे तर वजन का करायचं? एक किलो मालदांडी ज्वारीत दाणे किती, असं कुणी विचारलं तर आपण एकेक दाणा मोजत बसणार नाही. शंभर दाणे मोजून त्यांचं वजन करू. समजा ते साडेतीन ग्रॅम भरलं, तर किलोत साधारण अठ्ठावीस हजार सहाशे दाणे. बाजरीचा दाणा हलका, म्हणून किलोभर बाजरीत दाणे कितीतरी जास्त. म्हणजे वजनावरून संख्या काढता येते, फक्त ठरावीक संख्येच्या दाण्यांचं वजन आधी माहीत हवं, आणि ते प्रत्येक धान्याचं वेगळं असतं. रसायनशास्त्रात ती 'ठरावीक संख्या' म्हणजे मोल, आणि त्या संख्येइतक्या कणांचं वजन म्हणजे मोलर वस्तुमान.

ही संख्या, म्हणजेच अॅव्होगॅड्रो अंक, ६.०२२ × १०²³ आहे. पूर्ण लिहायची तर ६.०२२१४०७६ × १०²³, आणि २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का ठरवलेला आहे. त्याआधी व्याख्या वेगळी होती: कार्बन-१२ या समस्थानिकाच्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल. गणित सोडवताना दोन्हींत काही फरक पडत नाही. इटलीच्या अॅव्होगॅड्रो या शास्त्रज्ञाने १८११ मध्ये सांगितलं ते इतकंच, की एकाच तापमानाला आणि दाबाला कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. ती संख्या किती हे त्याला हयातीत कळलं नाही. १९०९ मध्ये फ्रान्सच्या जाँ पेरँने पाण्यात हलणाऱ्या सूक्ष्म कणांच्या प्रयोगांवरून हा आकडा काढला आणि त्याला अॅव्होगॅड्रोचं नाव द्यावं असं सुचवलं. पेरँला १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना हे मी आवर्जून सांगते, कारण हा आकडा आकाशातून पडलेला नाही, कुणीतरी कष्टाने मोजलेला आहे. आणि तो केवढा मोठा आहे? सेकंदाला एक अब्ज कण मोजणारं यंत्र मिळालं तरी एक मोल मोजून व्हायला सुमारे १ कोटी ९० लाख वर्षं लागतील.

मोलर वस्तुमान काढणं सोपं आहे. आवर्तसारणीतलं अणुवस्तुमान घ्यायचं, रेणुसूत्रात तो अणू जितक्या वेळा आहे तितक्याने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढे 'ग्रॅम प्रति मोल' लिहायचं. या लेखात लागणारी अणुवस्तुमानं अशी: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०१, ऑक्सिजन १६.००, सोडियम २२.९९, अॅल्युमिनियम २६.९८, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशियम ३९.१०. पाठ करू नका, सारणी समोर ठेवा.

पहिलं उदाहरण साखरेचं. ऊसाच्या जिल्ह्यात राहतो, तेव्हा ते हक्काचं आहे. काट्यावर ५ ग्रॅम साखर मोजून घ्या.

कशाचे कण? साखरेचे रेणू.

साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू. मोलर वस्तुमान: १४४.१२ + २२.१८ + १७६.०० = ३४२.३ ग्रॅम प्रति मोल.

मोल: ५ ÷ ३४२.३ = ०.०१४६.

रेणू: ०.०१४६ × ६.०२२ × १०²³ = ८.८ × १०²¹.

आता प्रश्न बदला. त्याच साखरेत कार्बनचे अणू किती? पहिली ओळ बदलली: कार्बनचे अणू. एका रेणूत बारा, म्हणून ८.८ × १०²¹ ला १२ ने गुणायचं, १.०६ × १०²³. वजन तेच, मोलर वस्तुमान तेच. मुलं इथे हटकून एक गोष्ट करतात: कार्बन विचारला म्हणून ५ ला १२ ने भागतात. तसं केलं तर तुम्ही ५ ग्रॅम कार्बन मोजलात, साखर नव्हे. काट्यावर जे ठेवलंय त्याच्याच मोलर वस्तुमानाने भागायचं. मग रेणूच्या आत शिरायचं.

आता साखर काढून ठेवा आणि तेवढंच, ५ ग्रॅम मीठ घ्या. कशाचे कण? इथे थांबावं लागतं. मिठात रेणू नसतो. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी सलग मांडणी असते, त्यात 'हा एक रेणू' म्हणून बोट ठेवता येत नाही. म्हणून मिठाच्या सूत्रातली एक सोडियम-एक क्लोराइड ही जोडी मोजायची. पुस्तकात तिला सूत्र एकक म्हणतात. तिचं मोलर वस्तुमान २२.९९ + ३५.४५ = ५८.४४. पाच भागिले ५८.४४ म्हणजे ०.०८५६ मोल, म्हणजे ५.१५ × १०²² जोड्या. आयन मोजायचे असतील तर दुप्पट, १.०३ × १०²³.

साखर आणि मीठ शेजारी ठेवून बघा. वजन सारखंच. पण साखरेचे रेणू जितके, त्याच्या जवळजवळ सहापट मिठाच्या जोड्या. काटा वजन सांगतो, संख्या सांगत नाही. मोलची गरज नेमकी इथे लागते. आणि ही गरज नुसती परीक्षेपुरती नाही, म्हणून पुढचं उदाहरण मी दरवर्षी मार्चमध्ये, ऊन चढायला लागलं की घेते.

ओआरएसचं पाकीट. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते घरोघरी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात चार पदार्थ असतात: मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे आकडे पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले असतात. मुलांना पाकीट घरून आणायला सांगते आणि वाचायला लावते. वाचल्यावर पहिला शेरा ठरलेला असतो, "मॅडम, ह्यात तर सगळं ग्लुकोजच हाय की." वजनाने बघितलं तर खरंच आहे. मिठाच्या पाचपटीहून जास्त ग्लुकोज.

मग मोलमध्ये बघू. कशाचे कण? एकदा सोडियमचे आयन आणि एकदा ग्लुकोजचे रेणू.

ग्लुकोजचं मोलर वस्तुमान १८०.२. म्हणून १३.५ ÷ १८०.२ = ०.०७५ मोल रेणू.

सोडियम दोन ठिकाणांहून येतो, आणि हे कित्येकांच्या नजरेतून सुटतं. मिठातून २.६ ÷ ५८.४४ = ०.०४४५ मोल. सायट्रेटचं मोलर वस्तुमान, त्यातल्या दोन पाण्याच्या रेणूंसकट, २९४.१. म्हणून २.९ ÷ २९४.१ = ०.००९९ मोल सायट्रेट. पण नावातच 'ट्रायसोडियम' आहे, म्हणजे प्रत्येक एककात सोडियम तीन. तीनने गुणलं की ०.०२९६. दोन्हींची बेरीज ०.०७४, म्हणजे जवळपास ०.०७५ मोल.

ग्लुकोज ०.०७५ आणि सोडियम ०.०७५. काट्यावर इतके विषम दिसणारे हे दोन पदार्थ संख्येने एकास एक आहेत! हे योगायोगाने झालेलं नाही. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी प्रथिनं असतात. ग्लुकोज सोबत असला की सोडियम नीट शोषला जातो आणि त्यांच्यामागे पाणी जातं. ज्यांनी हे सूत्र बसवलं त्यांनी ग्रॅमचा विचार केला नाही, कणांचा केला. ग्रॅम शेवटी आले, पाकिटं भरणाऱ्यांच्या सोयीसाठी. घरी पाकीट कमी पाण्यात कालवून मुलाला 'जरा कडक' द्यायचं ही सवय किती चुकीची आहे, हेही याच गणितातून कळतं. पाणी अर्धं केलं की प्रत्येक घोटातले कण दुप्पट होतात. एक लिटर म्हणजे एक लिटरच.

याच द्रावणाचं उरलेलं गणितही करून टाका. पोटॅशियम ०.०२० मोल, क्लोराइड मिठातून आणि पोटॅशियम क्लोराइडमधून मिळून ०.०६५, सायट्रेट ०.०१०. सगळे मिळून ०.२४५ मोल विरघळलेले कण, एका लिटरमध्ये. पाकिटावर कधी 'ऑस्मोलॅरिटी २४५' असं छापलेलं दिसेल, तो हाच आकडा, मिलिमोलमध्ये लिहिलेला. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात सोडियमचे आयन किती? ०.०७५ चा पाचवा भाग ०.०१५ मोल, म्हणजे ९ × १०²¹.

पाण्यासकट स्फटिक असलेले पदार्थ वेगळे शिकवावे लागतात, आणि सोलापुरात त्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. माझे वडील डाइंगमध्ये होते. टॉवेलच्या सुती सुताला रिअॅक्टिव्ह रंग देताना पाण्यात भरपूर क्षार घालावा लागतो. पाण्यात सुताच्या पृष्ठभागावर किंचित ऋण भार असतो, रंगाचा कणही ऋण, दोघं एकमेकांना दूर ढकलतात. मधे सोडियमचे धन आयन आले की ते ढकलणं कमी होतं आणि रंग सुताकडे सरकतो. म्हणजे रंगाच्या टाकीत किंमत आहे ती सोडियमच्या संख्येला.

हा क्षार म्हणून ग्लॉबर सॉल्ट वापरतात, आणि ते दोन रूपांत येतं. एक निर्जल भुकटी, सोडियम सल्फेट, मोलर वस्तुमान १४२.०. दुसरं स्फटिक रूप, त्यात प्रत्येक सोडियम सल्फेटमागे पाण्याचे दहा रेणू अडकलेले, मोलर वस्तुमान ३२२.२. दोन्ही पांढरी आणि दोन्हींना लोक ग्लॉबरच म्हणतात. पण एक किलो निर्जल म्हणजे १००० ÷ १४२.० = ७.०४ मोल, प्रत्येकी दोन सोडियम, एकूण १४.१ मोल सोडियम. एक किलो स्फटिक म्हणजे १००० ÷ ३२२.२ = ३.१० मोल, सोडियम ६.२ मोल. निम्म्याहूनही कमी! निर्जलऐवजी स्फटिक वापरायचं असेल तर एका किलोच्या जागी सुमारे २.२७ किलो घ्यावं लागतं. स्फटिकाच्या किलोतलं ५५९ ग्रॅम तर नुसतं पाणी असतं. (साधं मीठ घेतलं तर किलोत १७.१ मोल सोडियम. त्यामुळे मीठही वापरतात.)

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या हवेची. ग्लॉबरचे स्फटिक ३२.४ अंश सेल्सिअसला स्वतःच्याच पाण्यात विरघळायला लागतात, आणि कोरड्या हवेत उघडे राहिले तर पाणी सोडून वर पांढरी पूड धरतात. एप्रिलमध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली पोतं ठेवलं तर दोन्ही होणार. पाणी उडालेल्या पोत्यातल्या किलोत सोडियम किती, हे मग सूत्रावरून सांगता येत नाही, कारण ते सूत्र आता त्या पोत्याला लागू राहिलेलं नाही. म्हणून नियम असा: भागायच्या आधी बाटलीवरचं किंवा पोत्यावरचं पूर्ण नाव वाचा. 'निर्जल', 'डायहायड्रेट', 'डेकाहायड्रेट' हे शब्द मोलर वस्तुमान बदलतात. धुण्याचा सोडा, मोरचूद, तुरटी, सगळ्यांत हाच प्रकार.

द्रव पदार्थ आपण काट्यावर क्वचित ठेवतो, मापाने घेतो. तेव्हा एक पायरी वाढते: आकारमानाला घनतेने गुणून ग्रॅम काढायचे. पाण्याला ती जवळपास १ आहे, म्हणून लक्षात येत नाही. एक लिटर पाणी, १००० ग्रॅम, भागिले १८.०२, ५५.५ मोल, ३.३४ × १०²⁵ रेणू. हा ५५.५ आकडा लक्षात ठेवा, द्रावणांच्या गणितात वारंवार भेटतो. थेंबाचं गणित करायचं असेल तर ड्रॉपरने एक मिलिलिटर भरायला किती थेंब लागतात ते आधी मोजा. साधारण वीस लागतात, पण ड्रॉपरप्रमाणे बदलतं. वीस धरले तर एका थेंबात ०.०५ ग्रॅम पाणी आणि १.६७ × १०²¹ रेणू. ग्लिसरीन घेतलंत तर घनता १.२६ आहे हे विसरू नका: १० मिलिलिटर म्हणजे १२.६ ग्रॅम, मोलर वस्तुमान ९२.०९, म्हणून ०.१३७ मोल, ८.२ × १०²² रेणू.

वायूंच्या बाबतीत मला पुस्तकांशी थोडं भांडायचं आहे. '२२.४ लिटर म्हणजे एक मोल' हे वाक्य मुलं इतकं घोकतात की त्याच्या मागची अट गळून पडते. ते फक्त ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला खरं आहे. १९८२ पासून प्रमाण दाब १ बार धरायचं ठरलं आहे आणि त्या दाबाला ० अंशावर हा आकडा २२.७ होतो. प्रश्नात कोणता दाब दिलाय ते वाचूनच आकडा निवडा. आणि आपल्या गावात ० अंश कधी असतं? एप्रिलच्या दुपारी वर्गात ४० अंश असतं. शिवाय सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे हवेचा दाबही १ वातावरणापेक्षा थोडा कमी, सुमारे ०.९५.

म्हणून खऱ्या फुग्यावर गणित करायचं तर आदर्श वायूचं समीकरण वापरा. दाब गुणिले आकारमान, भागिले वायू स्थिरांक ०.०८२०६ आणि केल्विनमधलं तापमान (सेल्सिअस अधिक २७३) यांचा गुणाकार. फुग्याचं आकारमान मोजायला पाण्याने काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवा, फुगा पूर्ण बुडवा, सांडलेलं पाणी मापाने मोजा. समजा ३ लिटर भरलं. मोल = (०.९५ × ३) ÷ (०.०८२०६ × ३१३) = ०.१११. रेणू ६.७ × १०²². डोळे मिटून २२.४ ने भागलं असतं तर ८.१ × १०²² आलं असतं, वीस टक्के जास्त. फुग्याच्या रबराचा ताण आतला दाब थोडासा वाढवतो, तो इथे सोडून दिला आहे.

या फुग्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की आत हवा आहे, म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि थोडा आर्गॉन यांचं मिश्रण, तरी एकूण कणांची संख्या काढता आली. रेणुसूत्र विचारावंच लागलं नाही. हीच १८११ ची अॅव्होगॅड्रोची कल्पना. घन आणि द्रव पदार्थांना ही सवलत नाही. शेंगाचटणीच्या चमच्यात रेणू किती, असं एका हुशार मुलीने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, पण चटणीला एक सूत्र नाही, म्हणून एक मोलर वस्तुमानही नाही. त्यातल्या मिठाचं वजन माहीत असेल तर त्या मिठापुरतं मोजता येतं, तेवढंच.

उलटा प्रश्न आला, म्हणजे कण दिले आणि वजन विचारलं, तर त्याच वाटेने माघारी यायचं. साखरेचे १०²⁰ रेणू हवेत: अॅव्होगॅड्रो अंकाने भागा, १.६६ × १०⁻⁴ मोल, ३४२.३ ने गुणा, ०.०५७ ग्रॅम. कुठूनही कुठेही जायचं असो, ग्रॅम, लिटर, कण, मधे मोलवर थांबूनच जायचं. थेट सूत्रं बनवून पाठ करणाऱ्या मुलांना परीक्षेत नवा प्रश्न आला की ती सापडत नाहीत.

आकडे किती लिहायचे? कॅल्क्युलेटरवर ८.७९६३७७४५ × १०²¹ दिसतं आणि मुलं तसंच उतरवतात. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच वाचतो. त्यावरचे ५ ग्रॅम हे साडेचार ते साडेपाच यांमधलं काहीही असू शकतं. मग उत्तरही ९ × १०²¹ इतकंच लिहावं. सराफाकडे असतो तसा शतांश ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर तीन अंक लिहायला हरकत नाही. मोजमापात नसलेली अचूकता उत्तरात दाखवणं हे खोटं लिहिणं आहे, आणि विज्ञानाच्या वहीत ते मला चालत नाही.

नीट आणि सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो. तिथे ६.०२२ ऐवजी ६ घ्या आणि घात वेगळे ठेवून शेवटी एकत्र करा. पर्याय सहसा इतके लांब असतात की तेवढ्याने भागतं. आणि उत्तर आल्यावर घाताकडे एकदा बघा. हातात धरता येईल अशा वस्तूचं उत्तर १०²⁰ ते १०²⁶ च्या दरम्यान यायला हवं. १०⁻²³ आलं असेल तर गुणायच्या जागी भागलंय.

आता एक गणित तुमच्यासाठी. तुरटीचा १० ग्रॅमचा खडा घ्या. तिच्या सूत्रात पोटॅशियम एक, अॅल्युमिनियम एक, सल्फेट दोन आणि पाण्याचे रेणू बारा. मोलर वस्तुमान आधी स्वतः काढा, ४७४.४ यायला हवं. मग पाच वेगवेगळ्या पहिल्या ओळी लिहून पाच उत्तरं काढा: सूत्र एककं, अॅल्युमिनियमचे आयन, सल्फेटचे आयन, पाण्याचे रेणू आणि ऑक्सिजनचे एकूण अणू. सूत्र एककं आणि अॅल्युमिनियम प्रत्येकी १.२७ × १०²², सल्फेट २.५४ × १०²², पाणी १.५२ × १०²³. ऑक्सिजन मोजताना सल्फेटमधले आठ आणि पाण्यातले बारा असे वीस धरायचे: २.५४ × १०²³. उत्तर १.०२ × १०²³ आलं असेल तर पाण्यातला ऑक्सिजन राहिला, १.५२ × १०²³ आलं असेल तर सल्फेटमधला.